खरं ना?

शेजाऱ्याच्या बाजूने साक्ष द्यायला मी कोर्टात गेलो आणि अतिशहाणपणाने त्याचंच नुकसान करून आलो.

लालबागच्या आमच्या चाळीत त्याची खोली भिंतीपलीकडे. काहीही बोलला की शेवटी "खरं ना?" विचारायची त्याला सवय. त्यावर त्याची बायको म्हणायची, "डोंबल!" मग तासभर भांडण. परळच्या सिग्नलला तिला डंपरने उडवलं. त्यानंतरही तो रिकाम्या खोलीत "खरं ना?" म्हणतो आणि उत्तरापुरता थांबतो.

बायकोच्या सहवासाला मुकल्याची भरपाई त्याने मागितली होती. डंपरच्या विमा कंपनीच्या वकिलाने मला विचारलं, "नवरा-बायको भांडायचे?"

"रोज, साहेब! आमची भिंत पातळ आहे," मी ऐटीत म्हणालो. लोक हसले. वकील जज्जसाहेबांना म्हणाला, "बघा, हा यांचा सहवास!"

शेजारी उठला, हात जोडून म्हणाला, "ते खोटं नाही बोलत, साहेब. रोज भांडायचो. आता मला डोंबल म्हणणारं कोणी नाही. तेवढं लिहून घ्या."

जज्जसाहेबांनी लिहिलं की नाही, मला दिसलं नाही. माझी मान खाली होती.

हे सगळं ऐकल्यापासून माझी बायको माझ्याशी बोलेना. संध्याकाळी पलीकडून आवाज आला, "आज डाळ खारट झाली, खरं ना?" मग नेहमीची शांतता.

बायकोने लाटणं थांबवलं. भिंतीकडे बघत, त्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "डोंबल!"