आक्काचा दुपारचा ताप

नवरा गेल्यावर आक्का धाकट्या भावाकडे राहायला आली, त्याला तीस वर्षं झाली. आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने गोठा ताब्यात घेतला तो घेतलाच. अकरा गाई होत्या. धारा आटोपल्या की दहाच्या सुमाराला ती मागच्या खोलीत शिरायची, छपराला टेकलेल्या वाळल्या गवतातला एक गठ्ठा ओढायची, दोरी कापायची आणि दोन्ही हातांनी गवत झटकून गव्हाणीत टाकायची. कुणी मदतीला आलं तर म्हणायची, "तुम्ही पसारा घालाल, व्हा बाजूला."

त्या वर्षी गवत नीट वाळायच्या आतच बांधलं गेलं होतं. गठ्ठ्यांना कुबट वास यायचा, पण गाई खात होत्या, मग कोण कशाला लक्ष देतो?

आणि आक्काला ताप यायला लागला. ताप तरी कसला! दुपारपर्यंत बाई ठणठणीत. तीन-चारला अंगात कणकण, मग हुडहुडी, कोरडा खोकला, आणि छातीवर कुणी बसल्यासारखं. सकाळी पुन्हा कामाला हजर. दवाखान्यात गेली तीही सकाळीच. डॉक्टरांनी थर्मामीटर पाहिलं आणि म्हणाले, "ताप कुठे आहे?" क्षयाची तपासणी झाली, त्यातही काही निघालं नाही.

भाची तिला दोन आठवडे शहरात घेऊन गेली. तिथे तिसऱ्या दिवसापासून ताप बंद. आठवड्याभरात आक्का जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जायला लागली. घरी परतली, सकाळी गोठ्यात गेली आणि दुपारी गोधडीत कुडकुडत पडली.

"वन्सं, खरं सांगा," भावजय म्हणाली, "माझ्या घराचाच ताप येतो का तुम्हाला?" म्हणाली ती हसत, पण दोघींनाही हसू आलं नाही.

आक्काने ते मनाला लावून घेतलं. भावाला एकटं गाठून तिने विचारलं, "मी मुद्दाम करते का रे?"

"असं कोण म्हणालं?"

"कुणी नाही. मलाच कळेनासं झालंय."

पुढच्या आठवड्यात एका गाईने खाणं सोडलं म्हणून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी गव्हाणीतलं गवत हुंगलं आणि नवा गठ्ठा सोडायला सांगितला. आक्काने दोरी कापली तशी पांढरी भुकटी धुरासारखी वर आली. ती खोकत भिंतीला टेकली.

"हे रोज तुम्हीच झटकता?"

"गाय आजारी आहे, मला काय विचारता?"

"गाय बोलत नाही म्हणून तुम्हाला विचारतोय."

भावाने तापाचं सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "मी माणसांचा डॉक्टर नाही. पण छातीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि हे गवत त्यांच्या कानावर घाला."

आजवर गवताचं कुणी कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

छातीच्या डॉक्टरांनी फोटो काढले, शेतकामाची एकेक गोष्ट विचारली. गवताच्या बुरशीची धूळ श्वासातून फुप्फुसात जाते, शरीर तिच्याशी भांडायला उठतं आणि काही तासांनी ताप चढतो, असं त्यांनी समजावलं. थोडी इजा झालीच होती, ती बहुधा राहणार होती. "यापुढे गवताला हात लावायचा नाही."

"पण तीस वर्षं काही झालं नाही, मग आत्ताच कसं? आणि भावाला का नाही होत?"

"काहींना होतं, काहींना नाही. तुम्हालाच का, ते मलाही नेमकं सांगता येणार नाही."

खराब गठ्ठे दूर नेऊन टाकले. आता भाऊ तोंडाला मास्क लावून अंगणात, वाऱ्याची दिशा बघून गवत सोडतो. धारा भावजय काढते. "त्या दिवशी मी भलतंच बोलले," असं ती एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली. आक्का म्हणाली, "मलाही तसंच वाटलं होतं की."

ताप परत आला नाही. चढावर मात्र दोनदा थांबावं लागतं. दहा वाजले की पाय आपोआप गोठ्याकडे वळतात, आणि अंगणाच्या मध्यावर आल्यावर आपण कशाला निघालो होतो, हेच तिला क्षणभर कळत नाही.