भेटीच्या वेळची मुलगी

वेंगुर्ल्याला बोट धक्क्यापासून लांबच उभी राहायची, आणि त्या दिवशी आम्हाला पडावातून तिच्यापर्यंत नेत होते. आई गुडघाभर पाण्यात येऊन ओरडत होती, "आजारी माणसांची सेवा करूक मुंबयक कित्याक जावक होया? हंय काय कोण आजारी पडना नाय?" पडावातली माणसं हसली. मीही हसले, आणि मग समुद्राकडे तोंड करून रडले.

गावात राहिलेल्यांना वाटायचं, नर्स म्हणजे रोग्याच्या उशाशी बसून कपाळावरून हात फिरवणारी बाई. कसलं काय! आमचा वॉर्ड वर्षानुवर्षं पडून असणाऱ्यांचा. तिथं कामाची वाटणी भावाभावांच्या शेतासारखी, मध्ये बांध घालून केलेली. इंजेक्शन, औषधं, ताप बघणं आमच्याकडे. अंग पुसणं, वेणीफणी, भरवणं आयांकडे. एक नर्स पेज भरवत बसली, की बाकीच्या खाटांची औषधं राहतात, असं मेट्रन म्हणायच्या. मला ते पटतही होतं, आई येईपर्यंत.

अर्धांगवायू झाला तेव्हा दादाने तिला मुंबईला आणलं आणि ती आमच्याच वॉर्डात आली. तोवर तिच्या डोक्यातलं सगळं धुक्यात गेलं होतं. पांढऱ्या कपड्यांतल्या मला ती सिस्टर म्हणायची. आमच्या मालवणच्या चंद्राबाई आया पेजेची वाटी घेऊन बसल्या, की ती तोंड मिटून घ्यायची. "माझा चेडू येऊ दे, मगे जेवतंय."

"मीच गो आये," मी ट्रे हातात धरून म्हणायचे.

"तू सिस्टर. तुका कामा आसत, जा."

ती वाळत चालली. माझ्या डोळ्यांदेखत माझी आई माझीच वाट बघत उपाशी राहत होती, आणि मी तिला सुया टोचत होते. जीव नुसता तीळतीळ तुटायचा.

शेवटी चंद्राबाईच वैतागल्या. "सिस्टर, ड्युटी संपली मा? तो टोपो काढा, आणि पावण्यांवांगडा फाटकातसून येवा!"

मी गावचं पातळ नेसले, अंबाड्यात अबोलीचा वळेसर माळला. भेटीच्या वेळी घंटा झाली आणि डबे, फळं घेतलेल्या माणसांच्या घोळक्यातून मी आत आले. रोजचाच तो वॉर्ड, पण पाय जमिनीला लागत नव्हते. उन्हं तिरपी होऊन खाटांवर आली होती. चंद्राबाईंनी मुकाट्यानं वाटी माझ्या हातात दिली.

"इलंस गो बाय?" आई म्हणाली. "खंयसून इलंस?"

"घराकडसून."

तिनं तोंड उघडलं. अख्खी वाटी संपवली. तेव्हापासून रोज तसंच. ती घरची विचारपूस करायची, आणि मी कधीच न पाहिलेल्या वासराबद्दल, फणसाबद्दल सांगत राहायचे.

एकदा घास गिळून ती हळूच म्हणाली, "हंयची एक सिस्टर तुज्यासारकीच दिसता. बिचारी सगळ्यांचा करता. तिची आवस खंय आसतली गो?"

 त्या सिस्टरच्या आईचं तोंड मी पदरानं पुसलं, आणि घंटा होईपर्यंत तिच्या खाटेवर, घरी असल्यासारखी बसून राहिले.