आत्याआजीचा साखळीतला दिवस

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, आत्याआजीच्या घोट्याला पट्टी कसली बांधली आहे. त्या म्हणाल्या, "एक दिवस कुत्री झाले होते," आणि हसायला लागल्या. तेवढ्यात तुमच्याकडचं चित्र गोठलं. त्यांच्याकडून तुम्हाला धड काही कळायचं नाही, म्हणून मी पहिल्यापासून लिहिते.

तुम्ही मागच्या वेळी उज्जैनला आलात तेव्हा समोरच्या बंगल्यात कुत्रं नव्हतं. तिथे बँकेतून निवृत्त झालेले साहेब आणि त्यांची बायको राहतात. मूळचे बऱ्हाणपूरचे, आपल्यासारखेच मराठी. त्यांचा मुलगा शिकून घरी बसला होता, नोकरी लागत नव्हती. कुणा ज्योतिषाने सांगितलं, काळं कुत्रं पाळा आणि दर शनिवारी त्याला तेल लावलेली पोळी घाला. आपल्या गावात यात विशेष काही नाही. कुत्रा हे भैरवबाबाचं वाहन आणि भैरवबाबा इथले कोतवाल. शनिवारी हातात पोळी घेऊन काळं कुत्रं शोधत फिरणारी माणसं कुठल्याही गल्लीत दिसतात. दर आठवड्याची शोधाशोध नको म्हणून समोरच्यांनी पिल्लूच आणलं आणि जिन्याच्या कठड्याला बांधलं. थोड्याच दिवसांत मुलाला हैदराबादला नोकरी लागली. मग काय, काळी म्हणजे घरची लक्ष्मी झाली, आणि लक्ष्मी पळून गेली तर काय घ्या! पिल्लाची कुत्री झाली तरी साखळी तीच राहिली.

ती माणसं वाईट नाहीत. काळीला दूध-पोळी वेळेवर मिळायची, थंडीत पोतं मिळायचं. पण दुपारी ऊन जिन्यावर आलं की ती साखळीच्या टोकापर्यंत जाऊन सावलीकडे तोंड करून उभी राहायची. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून नेमकं तेच दिसायचं. आजोबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आणि वन्संनी दुपारचं जेवण खिडकीकडे पाठ करून जेवायला सुरुवात केली होती.

वन्सं म्हणजे तुमची आत्याआजी. नणंदेला आम्ही वन्सं म्हणतो. कॉलनीत मात्र त्या सगळ्यांच्या बुआजी. त्यांनी समोर जाऊन दोन-तीनदा बोलून पाहिलं. समोरच्या ताई हात जोडून म्हणाल्या, "बुआजी, तिला कशाची कमी आहे सांगा. खायला देते, पानी देते. मोकळं सोडलं आणि गेली, तर माझ्या मुलाचं काय?" उन्हाळा तोंडावर आला होता आणि वन्संना एकच ध्यास लागला होता, कडक ऊन पडायच्या आत काळीची साखळी सुटली पाहिजे.

अशात त्यांनी फोनवर काहीतरी पाहिलं. कुठल्याशा परदेशी शहरात लोक स्वतःला साखळीने बांधून घेऊन दिवसभर चौकात बसतात, बांधलेल्या कुत्र्यांचं जिणं बघणाऱ्यांना कळावं म्हणून. मला म्हणाल्या, "वहिनी, हे मला जमेल. तिकीट खिडकीत आयुष्य गेलं माझं. एका जागी बसायचं आणि लोकांचं ऐकून घ्यायचं, याचंच तर पेन्शन मिळतंय." मी वयाची आठवण करून दिली, कंबरेची करून दिली. उपयोग झाला नाही. शेवटी मी म्हटलं, करायचंच असेल तर पद्धतशीर करू.

जागा ठरली कॉलनीच्या बगिच्यातल्या कडुनिंबाखाली. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. साखळी काळीच्या साखळीएवढीच. मी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा खाणं-पाणी ठेवायचं, जसं समोरच्या ताई ठेवतात, आणि मग समोरच्या बाकावर बसून राहायचं. वन्संनी दिवसभर काही मागायचं नाही. हा शेवटचा नियम त्यांचा, मला तो मुळीच मान्य नव्हता. पाटी मी लिहिली. आधी इंग्रजीत ठळक आणि खाली हिंदीत बारीक. वन्संनी ती पाहून विचारलं की बगिच्यात इंग्रजी कोण वाचणार आहे, काळी का? मग दुसरी पाटी केली, नुसती हिंदीत: "एक दिन ज़ंजीर में। कुत्तों के लिए।"

होळी होऊन गेली होती. पहाटे हवा अजून गार होती. वन्सं मोजा घालून, त्यावर साखळीचं कडं अडकवून सतरंजीवर बसल्या. सकाळी फिरायला येणारे थांबले, पाटी वाचली, हसले. समोरचे साहेबही त्यात होते. ते रोज कोठी रोडला फिरायला जातात. त्यांनी फाटकातूनच विचारलं, "काय बुआजी, आज चोर आला तर भुंकणार ना?"

"तुम्ही आलात की भुंकेन," वन्सं म्हणाल्या.

इथपर्यंत सगळं आम्ही ठरवल्याप्रमाणे चाललं होतं. मग महाकालचं दर्शन करून परतणारी एक बाई आली. तिने झाडाखाली साखळीने बांधलेली पांढऱ्या केसांची बाई पाहिली, चपला काढल्या आणि सरळ पायांवर डोकं ठेवलं. "माताजी, किस बात का संकल्प है?" वन्संनी समजावून सांगितलं की संकल्प वगैरे काही नाही, कुत्र्यांसाठी आहे. बाईने ऐकलं, पाटीवरचं "कुत्तों के लिए" वाचलं आणि हात जोडून म्हणाली, "अच्छा, भैरवबाबा की सेवा।"

हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. जिथे एका पायावर उभे राहणारे आणि वर्षानुवर्षं हात वर धरून बसणारे साधू लोकांनी सिंहस्थात पाहिलेत, तिथे बाई साखळीत बसली म्हणजे तप करते आहे, दुसरं काय समजणार लोक? तासाभरात वन्संसमोर नारळ आले, उदबत्त्या आल्या, झेंडूचा हार आला. हार पाटीला घातला गेला आणि पाटी दिसेनाशी झाली. कुणी विचारलं मुलीचं लग्न कधी होईल, कुणी गुडघ्यावर हात फिरवायला सांगितलं. एका ऑटोवाल्याने तर खिशातून चपटी काढून पुढे ठेवली. भैरवबाबाला दारूचाच नैवेद्य असतो, त्याचं काही चुकलं नव्हतं. वन्सं त्याला म्हणाल्या, "भैया, मैं तो पोहे खाने वाली हूँ।" तो लाजला, बाटली उचलली, पण जाताना पायाला हात लावून गेलाच.

मला बाकावर हसू आवरत नव्हतं. वन्सं मात्र हसत नव्हत्या. प्रत्येकाला त्या पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या, दारात बांधलेल्या कुत्र्याबद्दल, पाण्याबद्दल, उन्हाबद्दल. लोक मान डोलवायचे आणि आशीर्वाद मागायचे. दुपारचं ठेवायला गेले तेव्हा त्यांचा आवाज बसला होता. म्हणाल्या, "सगळे माझ्याच पाया पडतायत, वहिनी. काळीकडे कोण बघतंय?"

मी तेव्हा त्यांना एक सल्ला दिला. म्हटलं, एवढं मानतायत तर मानू द्या. समोरच्या ताई आल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांना सांगा, भैरवबाबाने स्वप्नात येऊन सांगितलं, माझं वाहन मोकळं करा. संध्याकाळपर्यंत काळी सुटेल. मला यात काही गैर वाटलं नाही, अजूनही फारसं वाटत नाही. वन्संनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि पोळीचा तुकडा तोडला.

दुपार चढली तशी कडुनिंबाची सावली सरकली. लोक पांगले. सावली वन्संच्या सतरंजीवरून उतरून पलीकडच्या मातीवर गेली. त्या तिच्याकडे सरकत गेल्या, साखळी ताणली गेली आणि तिथेच थांबावं लागलं. त्यांचे पाय सावलीत आले, डोकं उन्हात राहिलं. पाण्याचं स्टीलचं भांडं पाया पडणाऱ्यांच्या गर्दीत कुणाच्या तरी नारळाने ढकललं गेलं होतं. त्यांनी हात लांब केला, मग आडव्या होऊन पायाने ओढायचा प्रयत्न केला. बोटं भांड्याच्या अलीकडेच राहिली. त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. मी जागेवरून उठले, पण त्यांनी मान हलवली, म्हणून परत बसले. त्यांच्या हट्टाचा इतका राग मला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

समोरच्या ताई आल्या त्या याच वेळी. सिल्कची साडी नेसून, हातात ताम्हण घेऊन. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. वन्संसमोर गुडघे टेकून त्यांनी हळूच विचारलं, "बुआजी, सगळी कॉलनी म्हणते आहे तुम्हाला दृष्टांत झाला. भैरवबाबा माझ्यावर नाराज आहेत का? खरं सांगा."

एक "हो" पुरेसा होता. मी बाकावर पुढे सरकले.

"नाही हो," वन्सं म्हणाल्या. "भैरवबाबा माझ्याशी बोलत नाहीत. मला दृष्टांत-बिष्टांत काही नाही. माझी कंबर दुखतेय आणि घसा सुकलाय, एवढंच मला कळतंय."

संपलं, मी मनात म्हटलं. आता ताई निर्धास्त होऊन घरी जाणार. त्या पाया पडायला वाकल्या आणि वाकलेल्याच थांबल्या. त्यांना भांडं दिसलं होतं.

"पानी भरलेलं आहे की. प्यायलात का नाही?"

"पोचत नाही."

"मग काकू समोर बसल्यात, मागायचं ना त्यांना."

"काळी मागते का?"

"भुंकते," ताई पटकन म्हणाल्या. त्यांनी ताम्हण खाली ठेवलं, भांडं उचलून वन्संच्या हातात दिलं आणि त्या पाणी पीत असताना बघत राहिल्या. "दुपारी ती भुंकते तेव्हा आमचे हे झोपलेले असतात," त्या म्हणाल्या. "मी वरच्या खिडकीतून ओरडते, चूप बैस म्हणून. खाली येऊन कधी बघितलं नाही."

त्यानंतर त्या घरी गेल्या नाहीत. पदर डोक्यावर ओढून उन्हातच सतरंजीच्या कडेला बसल्या. संध्याकाळी कुणी नवीन माणूस पाया पडायला आला की वन्संच्या आधी त्याच सांगायच्या, संकल्प नाही, ही गोष्ट कुत्र्यांची आहे. माझ्या सुवाच्य पाटीपेक्षा त्यांचं सांगणं लोकांना लवकर पटत होतं. सूर्य मावळला, मी कडं काढलं. मोजा घोट्याला चिकटला होता. ती पट्टी त्याची, या वयात जखम लवकर भरत नाही.

घरी जाताना ताईंनी फाटकाशी वन्संचा हात धरला. "सकाळी सोडते मी तिला. पण ती निघून गेली आणि माझ्या मुलाचं काही झालं, तर बुआजी, मी तुमच्या दारात येऊन बसेन."

"या," वन्सं म्हणाल्या. "चहा मिळेल." बोलल्या असं, पण त्या रात्री त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. मुलाची नोकरी त्यांच्या हातात थोडीच होती? आणि काळी पळाली असती, तर कॉलनीत पुन्हा कुणी आपलं कुत्रं सोडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध घ्यायला दारात गेले तर समोर कठड्याला नुसतीच साखळी लोंबत होती आणि फाटक सताड उघडं. ताई पायरीवर बसून मुलाला फोन करत होत्या, ऑफिसला निघालास ना, तब्येत बरी आहे ना, गाडी सावकाश चालव. त्यांनी साखळी सोडली होती, फाटक नीट लावलं होतं, आणि आंघोळ करून बाहेर येईपर्यंत काळी नाहीशी झाली होती. वन्सं लंगडत बाहेर आल्या. दोघींनी गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन हाका मारल्या. मी बगिच्यात बघून आले. झाडाखाली नारळाच्या शेंड्या होत्या, काळी नव्हती. परत आले तर ताई रडत होत्या आणि वन्सं त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या होत्या.

तेवढ्यात वळणावरून साहेब येताना दिसले. घामाघूम, कपाळावर आठ्या. त्यांच्या दोन पावलं मागे काळी होती, जीभ बाहेर, चारही पाय चिखलाने भरलेले. ते थांबले की ती थांबायची, ते चालले की चालायची. पहाटे बाहेर पडताना फाटक त्यांनीच उघडं टाकलं होतं.

"काय लावलंय हे?" ते बायकोवर चिडले. "कोठी रोडपर्यंत माझ्या मागे आली. हाकललं तरी जाईना. दुसरी कुत्री अंगावर आली तर माझ्या पायांत घुसली. मला मग काठी घेऊन उभं राहावं लागलं." मग आम्हा दोघींकडे पाहून जरा नरमले. "आता रोज न्यावं लागणार की काय हिला?"

ताईंनी डोळे पुसले आणि विचारलं, चहा ठेवू का. काळी साखळीपाशी गेली नाही, जिना चढून गच्चीवर गेली. तिने गच्ची आजवर पाहिली नव्हती. थोड्या वेळाने गच्चीच्या कठड्यावरून तिचं तोंड दिसलं, खाली आमच्याकडे बघत होती.

याला आता महिना होत आला. सगळी कॉलनी सुधारली असं नाही. कोपऱ्यावरच्या घरातलं कुत्रं अजून बांधलेलंच आहे, आणि वन्संना बघून तिथले लोक आत जातात. दुसऱ्या एका घरी मात्र दिवसा सोडायला लागलेत. फाटक लावण्यावरून साहेब आणि ताईंची रोज वादावादी होते, आणि शनिवारी तेल लावलेली पोळी अजून असतेच. काळी ती गच्चीवर नेऊन खाते.

कोठी रोडवर साहेबांना सगळे विचारतात, कुत्रीचं नाव काय. इतके दिवस काळी म्हणून काळी, नाव असं कुणी ठेवलंच नव्हतं. तुम्हाला सुचलं तर कळवा. ताईंना देवाचं हवं आहे. साहेबांचं म्हणणं, छोटं असावं, लांब गेली तरी रस्त्यात पटकन हाक मारता आली पाहिजे.