बगळ्यांच्या उंचीवरचं घर

भातकापणी झालेल्या शेतात दुपारच्या वेळी कधी उभे राहिला आहात? पायाखाली खुंटांची करकर, नाकाशी पेंढ्याचा उबदार, किंचित गोडसर गंध, आणि अंगावर मार्गशीर्षातलं असं ऊन, की ज्याला कडक म्हणवत नाही आणि कोवळंही म्हणवत नाही. पीक निघून गेलेलं असतं, पण भूमी उदास दिसत नाही. न्हाऊन बाहेर येऊन बसलेल्या बाळंतिणीसारखी थकलेली आणि तृप्त दिसते. माझ्या घराची माझ्यापाशी असलेली पहिली आठवण ही अशी आहे. तिच्यात भिंत नाही, दार नाही, छप्पर नाही. असणार तरी कुठून? घर तेव्हा झालंच नव्हतं. आणि तरीही ते मी घेऊन बसले होते!

घर पाहावं बांधून, असं आपले पूर्वज सांगून गेले. मी ते न बांधता, न पाहता, शाळेच्या शिक्षकखोलीत मधल्या सुट्टीत डबा खाता खाता घेतलं. तुम्ही हसाल. मीही हसते. मंडईतून नारळ घेताना मी तो कानाशी धरून हलवते, कलिंगडावर टिचक्या मारते, साध्या पोलक्याच्या कापडासाठी दुकानदाराला सगळा गठ्ठा उलगडायला लावते. पण विचार केला म्हणजे वाटतं, आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी आपण कधी पारखून घेतल्या? आईबाप पाहून घेतले नाहीत, मातृभाषा निवडून घेतली नाही. माझ्या आईने तर माझ्या वडिलांना पहिल्यांदा पाहिलं ते अंतरपाट दूर झाल्यावर. क्षुद्र वस्तूंना आपण परीक्षेला बसवतो आणि महत्त्वाच्या वस्तूंपुढे डोळे मिटून हात पुढे करतो. हा मूर्खपणा म्हणावा की श्रद्धा? मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि ठरवण्याची घाईही नाही.

शिवाय माझा धंदाच तसला. मी भूगोल शिकवत असे. न पाहिलेल्या नद्या, न पाहिलेली वाळवंटं, न पाहिलेले ज्वालामुखी यांच्याविषयी ठामपणे बोलण्यात माझा हातखंडा होता. तेव्हा ग्रेसीने बोळिंजचं नाव काढलं, तर त्यात मला काय अवघड वाटणार?

ग्रेसी म्हणजे माझी सहशिक्षिका. राहणारी विरारजवळच्या नंदाखाल गावची, नारळीकेळीच्या वाडीतून रोज मुंबईला येणारी, आणि डोक्यात माळलेल्या अबोलीसह सगळी वाडीच बरोबर घेऊन येणारी. भाद्रपदातली दुपार होती. तिने डबा उघडला आणि म्हणाली, “कुमुद, ऐक. आमच्याजवळ बोळिंजला ओळखीच्या माणसाची बिल्डिंग होतेय. दुसऱ्या माळ्यावरची एकच जागा राहिलीय. हवेचं तर विचारूच नकोस! पण हो की नाही ते आज संध्याकाळपर्यंत सांगायला पाहिजे, नाहीतर गेली समज.”

मी घास गिळला आणि म्हटलं, “हो सांग.”

इतक्या चटकन हो म्हणायला कारण होतं, आणि ते कारण दादरला माझ्या मामाच्या घरी गॅलरीतल्या कोपऱ्यात बसून तांदूळ निवडत होतं. माझे वडील गेले तेव्हा मी परकरी पोर होते. मामाने आम्हां दोघींना आपल्या घरी आणलं ते कायमचं. मामा देवमाणूस, मामीही मनाची मोठी. कधी कुणी उणा शब्द बोललं नाही. पण उणा शब्द न बोलणाऱ्यांच्या घरात राहणंही फार सोपं नसतं बरं! सतत अंग चोरून वागावं लागतं. आई आंघोळीला सगळ्यांच्या शेवटी जायची, ताटाला सगळ्यांच्या शेवटी बसायची, आणि आजारी पडायची तेही सणवार सांभाळून. आता मामाच्या मुलासाठी मुली पाहणं सुरू झालं होतं. घरात सून येणार म्हणजे खोली लागणार, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. मी मात्र मनाशी पक्कं केलं होतं, की कुणाला बोलायची वेळ येण्यापूर्वी आईला या घरातून मानाने बाहेर काढायचं. माझ्या एकटीच्या पगारात मुंबईत जागा होणं शक्य नव्हतं. विरारला होत होती. आता नाही तर आईच्या हयातीत नाही, एवढं मला स्वच्छ दिसत होतं.

संध्याकाळी आईला सांगितलं. तिने विचारलं, “उजेड आहे का गं जागेला?” मी म्हटलं, पाहिली नाही. ती जराही दचकली नाही. “बरं,” म्हणाली, “पाहून तरी कळतं थोडंच!”

मग आमचा एक विलक्षण संसार सुरू झाला. मेथी निवडता निवडता, कपड्यांच्या घड्या घालता घालता, आम्ही दोघी त्या न पाहिलेल्या घरात वावरू लागलो. देव्हारा पूर्वेला की ईशान्येला, पाण्याचा पिंप ओट्याच्या डाव्या हाताला की उजव्या, तुळस कुठे ठेवायची, आरसा दारासमोर नको. एकदा तर आमचं चक्क भांडण झालं. मला खिडकीपाशी लिहायचं टेबल हवं होतं आणि आईला तिथेच बसून वाती वळायच्या होत्या. मामा पेपर बाजूला ठेवून म्हणाला, “बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! ताई, आधी भिंत तर उभी राहू दे.” आई ओशाळून हसली, पण खिडकी तिने सोडली नाही. इतक्या वर्षांत तिला एखाद्या गोष्टीसाठी हट्ट धरताना मी पाहिलंच नव्हतं. मला तिचं ते भांडणं फार फार आवडलं.

दिवाळी झाली, थंडी पडली, आणि एका रविवारी आम्ही आमचं घर पाहायला निघालो. विरारला उतरून रिक्षा केली. तेव्हाचं बोळिंज म्हणजे अर्धं शेत आणि अर्धी स्वप्नं. एका बाजूला विटांचे ढीग, दुसऱ्या बाजूला बांधावरची शेवग्याची झाडं. रिक्षा थांबली ती एका कापलेल्या शेताशी. तिथल्या देखरेखीच्या माणसाने येणाऱ्या गिऱ्हाइकांना कल्पना यावी म्हणून जमिनीवर पांढऱ्या फक्कीने रेघा आखून ठेवल्या होत्या. “ही खोली, हे किचन, हे टॉयलेट, बघा निवांत,” म्हणून तो सावलीला निघून गेला.

आईने चपला रेघेबाहेर काढल्या. हो, चपला काढून, पदर सारखा करून, जिथे दाराची जागा मोकळी सोडली होती तिथूनच ती आत गेली. भिंतीतून चालायचं नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. मग आम्ही दोघींनी घर लावलं. आई स्वयंपाकघरात उभी राहिली, हात लांब करून ओट्याचा अंदाज घेतला, मागे वळून पिंप ठेवला. मी टेबल ठेवलं. तिने ते मुकाट्याने सरकवलं. पेंढ्याचा वास, डोक्यावर निळं आकाश, आणि फक्कीच्या चौकोनात माझी म्हातारी आई, अगदी घरंदाज गृहिणीसारखी! असा आनंद मला त्यापूर्वी झाला नव्हता.

तेवढ्यात बांधावरून एक बाई आली. आईच्याच वयाची, उन्हाने रापलेली, हातात कळशी आणि पेला. रेघेपाशी थबकून म्हणाली, “ऊन लागंल बाय, पानी घ्या.” पाणी थंडगार होतं. ती हिराबाय. हे शेत तिच्या घरचं. भावाभावांत वाटण्या झाल्या, मधल्या दिराने आपला वाटा विकला, बांधापलीकडचा तुकडा तिच्याकडे राहिला. हे तिने हवापाणी सांगावं इतक्या सहज सांगितलं. मग आई उभी होती तिथे बोट दाखवून म्हणाली, “इथं माझा राब असायचा. लगीन होऊन आले तवापासून भाताची रोपं मी इथंच केली.”

आईचा चेहरा उतरला. पेला परत देऊन ती आली तशीच, दाराच्या जागेतूनच, बाहेर पडली आणि पायांत चपला सरकवू लागली. “कुमुद, नको ही जागा. सांग त्यांना, नको म्हणून. दुसरीच्या राबावर चूल मांडून मला झोप यायची नाही. जन्मभर लोकांच्या जागेत राहिले, आता हीसुद्धा कुणाची तरीच निघाली.”

हट्ट धरायला शिकलेली माझी आई आता त्याच हट्टाने घर नाकारत होती! काय समजावणार होते मी तिला? प्रत्येक जमीन कधी ना कधी कुणाची तरी असते, असलं शहाणपण भूगोलाच्या तासाला ठीक. तिच्या मनाला जे लागलं होतं ते खरं होतं, आणि ते मलाही लागलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलंही नाही.

हिराबायने आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग मला विचारलं, “पोरी, तुमची जागा कितव्या माळ्यावर?”

“दुसऱ्या.”

ती अशी काही खदखदून हसली, की कळशीतलं पाणी हिंदकळलं. “मग इथं काय पिंप ठेवताय? हे तळमजल्यावाल्यांचं! तुमचं घर तिथं.” आणि तिने हात सरळ वर केला, शेवग्याच्या शेंड्याच्याही वर, रिकाम्या आकाशात. “तिथं माझं काय नव्हतं बाय. तिथं बगळे असायचे. इचारायचं तर त्यांना इचारा.”

भूगोलाच्या शिक्षिकेला उंचीचा विसर पडावा! आम्ही जन्मभर दुसऱ्याच्या घरात राहिलेल्या दोघी, कुणाच्या तरी तळमजल्यात तासभर मन लावून संसार मांडत होतो. आधी मी हसले, मग सावलीत बसलेला देखरेखवाला हसला. आई हसली नाही. डोळ्यांवर हात धरून ती कितीतरी वेळ वर पाहत राहिली. तिथे काय होतं? ऊन होतं, थोडा वारा होता. तिथे कुणी रोपं लावली नव्हती, कुणी पाट मांडले नव्हते, कुणी कुणाला ठेवून घेतलं नव्हतं. शेवटी तिने विचारलं, “मग उजेड असेल तिथे?” आणि हिराबाय म्हणाली, “उजेडच हाय तिथं, दुसरं काय?”

रिक्षात बसण्यापूर्वी आईने आणखी एकदा मान वर करून पाहिलं. तिचा होकार मी त्या पाहण्यातून ओळखला.

दोन पावसाळे मध्ये गेले. मामाच्या सुनेची पावलं घरात पडली त्याच सुमारास आमच्या हाती किल्ली आली. पहिल्या दिवशी नव्या शेगडीवर दूध उतू घालायचं होतं. आईने निमंत्रणं केली ती मोजकीच. मामामामी, ग्रेसी, आणि हिराबाय. मामा सगळीकडे फिरून नळ सोडून पाहत होता. ग्रेसी मीच सांगितलं होतं ना हवेचं, असं ज्याला त्याला ऐकवत होती. हिराबाय राजेळी केळ्यांची फणी घेऊन आली, जिन्यात दोनदा थांबली आणि दारात येऊन संकोचून उभी राहिली. इतक्या उंचावर ती आयुष्यात पहिल्यांदाच आली होती.

आई तिला हाताला धरून खिडकीशी घेऊन गेली. त्याच खिडकीशी, जिच्यासाठी आम्ही भांडलो होतो. खाली बांधापलीकडे हिराबायचा राहिलेला तुकडा होता, लोंबीवर आलेला, वाऱ्याने एका अंगाला कललेला. ती वाकून पाहत राहिली.

“हे माझंच ना?” ती हळूच म्हणाली. मग कपाळावर हात मारून घेतला. “अगो बाय! बांध वाकडा हाय की! जलम गेला तो सरळ घालन्यात.”

सगळे हसले, तीही हसली. पण हसणं ओसरलं तरी ती खिडकीतून हलली नाही. त्या शेतातल्या ढेकळाढेकळावर तिचा हात फिरला होता, कुठे पाणी साचतं आणि कुठे खेकड्याचं बीळ आहे हे तिला ठाऊक होतं. मात्र वाकून राबणाऱ्याला शेत कधी सगळंच्या सगळं एकदम दिसत नसावं. आम्ही न पाहता घर घेतलं याचं मला केवढं नवल वाटत होतं! इथे एक बाई आपलं स्वतःचं शेत पहिल्यांदाच पाहत होती. तिचे डोळे भरून आले.

घरात अजून सामान लागलं नव्हतं. आईने गाठोड्यातून सतरंजी काढली, झटकली, आणि खिडकीखाली, जिथे तिची वाती वळायची जागा ठरली होती तिथे, अंथरली.

“बसा,” ती म्हणाली. “बसा हो हिराबाई. घाई कसली?”

मामीने चमकून आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दादरच्या घरी आल्यागेल्याचं चहापाणी सारी वर्षं आईने केलं होतं; पण त्यांना ‘बसा’ म्हणायची ती मामी.