अठ्ठावीस पोती

मोताळ्याच्या एका डाळ मिलमध्ये मी कागदपत्रं सांभाळतो. गेल्या हिवाळ्यात आमची तूरडाळ पहिल्यांदाच परदेशी निघाली. त्या देशाशी आपला मुक्त व्यापाराचा करार आहे, म्हणजे दोघांनी एकमेकांच्या मालावरची जकात काढलेली. पण फक्त एकमेकांच्याच. तिसऱ्या देशाचा माल मधून घुसू नये म्हणून माल कुठे पिकला याचा दाखला लागतो. त्याच्या अर्जात मी लिहिलं होतं : पाचशे पोती, तूर सगळी इथलीच. खाली सही केली होती, अर्ज पाठवायचा बाकी होता.

ट्रक भरला, दोर आवळले, आणि मला खुर्चीत बसवेना. मिलमध्ये आफ्रिकेहून आणलेली तूरही भरडली जाते, तिच्या डाळीची थप्पी वेगळी. आदल्या दिवशी गावच्या तुरीच्या डाळीची थप्पी मी मोजली होती. चारशे बहात्तर. मग पाचशे भरली कशी? ट्रकाभोवती दोन चकरा मारून मी हमालांच्या मुकादमाला विचारलं.

"अठ्ठावीस कमी पडली ना भाऊ. आफ्रिकेच्या थप्पीतून पुरी केली."

"काऊन?"

"काऊन म्हंजे? माप कमी गेलं तर नाव कोनाचं जाते? अन् डाळ तर सारखीच. तुमीच वळखून दाखवा."

त्याला बोल लावता येईना. गिऱ्हाइकाला माप कमी जाऊ द्यायचं नाही, हा मिलचा जुना रिवाज. आफ्रिकेची तूर इथे भरडली, पोत्यावर आमचा शिक्का मारला, तरी करारापुरती ती आफ्रिकेचीच राहते, हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

शेठ बाहेर आले. "जाऊ द्या ना ट्रक. तिकडं कोन दाना-दाना पाहून राह्यलं?"

"कोणी पाहिलं तर सगळ्या मालावर जकात लागेल, शेठ. अन् सही माझी आहे."

"म्हंजे पह्यल्याच खेपेले कमी माल धाडू? काय तोंड दाखवू मी?"

"कमी धाडतो असं आधीच कळवा."

शेठ ट्रकपाशी गेले. मग मुकादमाला म्हणाले, "उतरव बे."

ती पोती शेवटी भरली होती, म्हणून वरच असणार, असं मुकादम म्हणाला. अठ्ठावीस उतरली. मी पहिला अर्ज फाडला, चारशे बहात्तरचा लिहिला. पेन सहीवर नेलं आणि पुन्हा उठलो.

"नक्की शेवटचीच होती ना?"

"हाव म्हनलं ना भाऊ. आता कितीदा इचारसान?"

मी सही केली. ट्रक बुलढाण्याच्या रस्त्याला लागला तरी मी फाटकातच उभा होतो.