अंमलदारांच्या दौऱ्यातली आजारी गाय

निजामाच्या राजवटीत, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, तालुक्याचे अंमलदार जनावरं पाहायला येणार अशी बातमी आली आणि जळकोटला सगळ्यांनी शिंगं रंगवायला घेतली. आजारी जनावरं परसात लपवायची ठरली. सरकारला आजार दाखवणं बेअदबीचं होतं.

माहेरहून माझ्याबरोबर आलेली गाय त्यामुळे परसात गेली. तापानं फणफणलेली, हिरड्या पांढऱ्याफटक, चाऱ्याला तोंड लावत नव्हती. ताप उतरावा म्हणून सासरे दुसऱ्या दिवशी तिला तापल्या सळईनं डाग देणार होते. ती ते सोसेल असं मला वाटत नव्हतं. पण नव्या सुनेचं मत विचारायची पद्धत नव्हती.

अंमलदार आमच्याच दारासमोर खुर्चीत बसले. सोबत गुरांचे डॉक्टर होते. त्यांचं काम बहुधा मागं उभं राहण्याचं असावं. शिंगांचं कौतुक उर्दूत झालं. हार पुढे आले, तेवढ्यात सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "डाक्टरसायेब, चांगली जनावरं काय बघताव? आजारी मागं हाय."

सासऱ्यांना खोकला आला. डॉक्टर मात्र सुटका झाल्यासारखे परसात आले.

त्यांनी गाईचा कान उलटा केला. आत गोचिडींची दाटी. सासूबाईंनी एक उपटली आणि सवयीनं नखावर घेतली.

"चिरडू नका, माय! गोचिडीच्या पोटातला रोग बोटाच्या चिरेतून तुमच्या अंगात गेला तर तुम्हालाबी ताप येईल."

"मग काय पूजा करू तिची?"

"चिमट्यानं काढा, रॉकेलात टाका."

"दिव्याला रॉकेल न्हाय, गोचिडीला कुठलं?"

"मग उकळत्या पाण्यात टाका," डॉक्टर हसून म्हणाले.

गोचीड चावताना रक्तात जंतू सोडते, त्यावर खात्रीचं औषध आपल्याकडं नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. असं सांगणारा सरकारी माणूस मी प्रथमच पाहिला. डाग दिला तर उरलेली ताकदही जाईल. सावलीत ठेवा, पाणी पाजा, गोठ्याच्या भेगा लिंपा, गोचिडी तिथंच अंडी घालतात, एवढं सांगून ते परत जाऊन खुर्चीमागं उभे राहिले.

सरकारी माणसाचा शब्द म्हणून सासऱ्यांनी सळई बाजूला ठेवली. सासूबाई चिमट्यानं कान साफ करत, मी भिंती लिंपत असे. हिरड्यांवर फिकी लाली दिसायला लागली तरी गाय खाईना. मग एका सकाळी मी कडब्याची पेंढी दुसऱ्या जनावरांना नेत असताना मागून हिसका बसला. गाईनं पेंढी दातात धरली होती.

"सोड गं," सासूबाई चुलीपासून ओरडल्या, "ओढू दे तिला!"