अभिषेकाच्या पाण्याबद्दल एक प्रश्न

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवासमोर बसलो तरी दुसरंच काहीतरी पुटपुटून उठतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे. ओळखणाऱ्यांना मी फार सज्जन वाटतो.

बन्सी शिंपी आमच्या गावाचा नगराध्यक्ष होता. तेव्हा आम्ही म्युनिसिपालटीचा प्रेसिडेंट म्हणायचो. शाळेत तो माझ्याच वर्गात. सातवीनंतर तो बापाच्या मशीनवर बसला आणि मी पुण्याला जाऊन वकील होऊन आलो. माझा पहिला काळा कोट त्यानेच शिवला. खांद्यावरची सुरकुती हाताने सारखी करत म्हणाला, "लई रुबाबदार दिसता, अण्णा." शाळेत अरे-तुरे करणारा बन्सी त्या दिवसापासून मला अहो-जाहो करायला लागला. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू?

मग बेचाळीस साल आलं. बन्सी तुरुंगात गेला, मी कोर्टात जात राहिलो. तो सुटून आला तेव्हा गावाने त्याची मिरवणूक काढली. पुढे आम्ही दोघेही मेंबर म्हणून निवडून आलो. प्रेसिडेंट निवडायच्या दिवशी मी आभाराचं भाषण पाठ करून गेलो होतो — हो, आभाराचं! कुणीतरी बन्सीचं नाव घेतलं आणि सगळे हात वर झाले. माझाही झाला. काय करणार?

तेव्हापासून मला तो दिसला की पोटात दुखायचं. धोतराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असायचे, तसाच उठून तो त्या खुर्चीत बसायचा आणि मामलेदार त्याच्यासाठी उठून उभा राहायचा. दारासमोरचा म्युनिसिपालटीचा कंदील लागत नाही म्हणून माझी सख्खी आई म्हणाली, "बन्सीला सांग, तो करील." मीही मेंबर होतो की! घरातच होतो. तिला माझं नाव सुचलं नाही.

आमचं गाव पारनेरइतकंच कोरडं. उन्हाळ्यात आडाचा तळ दिसायचा आणि बायका हंडे घेऊन कोसभर जायच्या. बन्सीने नदीवरून नळ आणायचं मनावर घेतलं. मुंबईपर्यंत खेटे घातले, साहेब लोकांच्या दारात तासन् तास बसला. शेवटी बिडाचे पाइप नगर स्टेशनात उतरले आणि बैलगाड्यांतून गावात आले. नळ पूर्वेकडून येणार होता, वेशीबाहेरच्या वस्तीला लागून. त्या वस्तीतल्या माणसांना गावाच्या आडाला हात लावायची मुभा नव्हती. नळाच्या वाटेवर ती वस्ती आधी लागायची, म्हणून पहिली तोटी तिथे बसली. तिथून पुढे गावातले पाइप अजून पुरायचे होते. नकाशा मंजूर झाला तेव्हा मीही मान डोलावली होती.

पुढचं सांगायचं तर — जड जातं आहे, पण सांगतो.

एका सकाळी मी महादेवाच्या देवळात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या पुजारीकाकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, अभिषेकाला आता नळाचं पाणी घेणार का? ते आधी त्यांच्या तोटीवरून येणार, नाही का?" एवढंच. वर हेही जोडलं, की आपल्याला त्याचं काही नाही म्हणा. नळातून विटाळ वाहत येत नाही, हे मला कळत नव्हतं? अस्पृश्यता निवारणावर मी टाळ्या घेतल्या होत्या! पण गावाला काय वाटेल, तेही मला तितकंच कळत होतं. म्हणून तर विचारलं.

आठवडाभरात गल्लोगल्ली तीच चर्चा. बायका म्हणू लागल्या, तहानेने मरू पण ते पाणी नको. मेंबर फिरले. अविश्वासाचा ठराव आला, आणि त्या सभेत बन्सीच्या बाजूने कोण बोललं? मी. एकटा मीच. ठराव पास होणार याची खात्री करूनच उठलो होतो, त्यामुळे भाषण चांगलं झालं. बन्सी खुर्चीवरून उतरला आणि त्याने माझे दोन्ही हात धरले. "गाव फिरलं अण्णा, तुमी न्हाई फिरला."

दोन्ही बाजूंना चालेल असा माणूस म्हणून लोकांनी मला प्रेसिडेंट केलं. वस्तीतली तोटी तूर्त काढावी, या हुकुमावर माझी पहिली सही झाली. 'तूर्त' हा शब्द माझाच. तोटी काढताना मी तिथे हजर होतो. एका म्हातारीने रिकामा हंडा खाली ठेवून विचारलं, "सायेब, परत कवा बसवनार?" मी म्हणालो, बघू. पुढे गावात पाणी आलं, टाकीवरच्या दगडावर माझं नाव आलं. वस्तीत तोटी परत बसली नाही, निदान माझ्या हातून तरी नाही.

इथवर आलात तर तुम्हाला वाटेल, झालं, हाच तो गुन्हा. नाही हो.

काही महिन्यांनी बन्सी माझ्या घरी आला. चहा तसाच निवत ठेवून म्हणाला, "अण्णा, काकांच्या डोक्यात हे कुनी घातलं? त्यांना इचारलं तर म्हन्तात, माझं मलाच सुचलं." काकांना खरोखरच तसं वाटत होतं. म्हणजे मी सुटलो होतो. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

माधव मास्तर म्हणजे बन्सीचा जिवाचा दोस्त. तुरुंगात दोघे एकाच बराकीत होते. रोज संध्याकाळी मास्तर त्याच्या दुकानात येऊन बसायचे, आणि त्या दोघांचं हसणं माझ्या ओटीपर्यंत ऐकू यायचं. मला त्या दुकानात कुणी कधी बस म्हटलं नाही. प्रेसिडेंट झाल्यावरही नाही.

मी म्हणालो, "मास्तरांना त्या सुमारास देवळात काकांशी बोलताना पाहिलं होतं खरं."

पाहिलं नव्हतं. मास्तर देवळात जातच नसत. बन्सीला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तरी त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? भर सभेत त्याच्यासाठी उभा राहिलेला मी एकटाच ना!

मास्तर पुढे तीनदा दुकानात गेले. बन्सीने मशीनवरची मान वर केली नाही. काय झालं, हे मास्तरांना अखेरपर्यंत कळलं नाही. दोन उन्हाळ्यांनी बन्सी आजारी पडून गेला. जाण्याआधी बायकोला बजावून गेला, की मास्तराचा हात मला लागू देऊ नका.

पहिला खांदा मी दिला. मास्तर रस्त्याच्या पलीकडे उभे होते, अनवाणी. ते दोन पावलं पुढे आले तेव्हा बन्सीच्या पोराने त्यांना हाताने थांबवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. गावात आता मीच काही बोलू शकलो असतो. मी तिरडीचा बांबू खांद्यावर नीट घेतला आणि चालू लागलो.